टोब्रुक नको, टपाल दाखवा: बेळगावकडच्या युद्धकाळातल्या प्रेमकथेबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढचं कशाबद्दल चाललंय ते वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही खानापूर तालुक्यातले. तुमचे पणजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते, जून १९४२ मध्ये लिबियातल्या टोब्रुकला पकडले गेले आणि १९४६ मध्ये घरी परतले. जाण्याआधी पणजीशी सुपारी फुटली होती, लग्न झालेलं नव्हतं. ती थांबली. यावर तुम्हाला पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट करायचाय आणि तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: युद्धाचे सीन कमी पैशात कसे घ्यावेत, आणि प्रेमकथा फिल्मी वाटू नये म्हणून काय करावं.

मी अठ्ठावीस वर्षं या कामात आहे. सुरुवात कोल्हापुरात वेशभूषेच्या मदतनीस म्हणून झाली, पुढे संवाद लिहू लागले आणि आता मुख्यतः पटकथा लिहिते. माहेर बेळगावातल्या वडगावचं आणि सासर तिथल्याच शहापूरचं, त्यामुळे तुम्ही म्हणता तो मुलूख माझ्या पायाखालचा आहे.

माझ्या मते तुमचे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. युद्ध तिकडे, प्रेम इकडे आणि दोघांना जोडायला मधे एक गाणं, अशी मांडणी झाली की युद्ध खर्चिक होतं आणि प्रेम पोकळ. तिकडचा गोळीबार काढून टाकला तरी इकडची गोष्ट तशीच उभी राहत असेल, तर ती युद्धाची गोष्टच नाही. म्हणून तुम्हाला सोडवायचा प्रश्न हा आहे: १९४२ साली खानापूरच्या एका गावात युद्ध नेमकं कुठून आत शिरत होतं?

त्याचं उत्तर मी बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या ओसरीवर बसून मिळवलंय. आपल्याकडे युद्ध बातमी होऊन आलं. उशिरा आलं, अर्धवट आलं आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या तोंडून आलं. युद्धापायी बंदुकीचा आवाज आपल्या जिल्ह्यानं ऐकला तो फायरिंग रेंजवरचा. पण पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की घराघरांत हातातलं काम थांबत होतं. तुमचा चित्रपट तिथे आहे.

यातलं काय तुम्हाला लागू पडेल ते तुमच्या परिस्थितीवर आहे, हे आधीच सांगते. पणजोबांची कागदपत्रं घरात असतील तर गोष्ट एका दिशेनं जाईल, नुसत्या आठवणी असतील तर दुसऱ्या. घरातली हयात माणसं कुठल्या गोष्टी पडद्यावर येऊ देतील हेही आधी विचारायला हवं, आणि ते खरोखर विचारा. पैसे किती, शूटिंग किती दिवसांचं, पावसाळ्यात करता येणार का, यावरही अवलंबून आहे. पण खाली सांगते ती कामाची पद्धत दहा मिनिटांच्या फिल्मला चालते तशी दोन तासांच्यालाही चालते.

पहिली गोष्ट म्हणजे पटकथेला हात लावण्याआधी एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात तिकडे काय घडलं आणि कोणत्या तारखेला. दुसऱ्यात ते त्याच्या घरी कधी कळलं. तिसऱ्यात ते तिच्या घरी कधी कळलं. युद्धकाळातली कुठलीही गोष्ट मी अशीच सुरू करते. तुमच्या गोष्टीत तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचं कारण साधं आहे. सरकारी कागदावर ती मुलगी कुणीच नाही. शिपायाच्या नावापुढे जवळचा नातेवाईक म्हणून बाप किंवा आई. तार आली तर त्यांच्याकडे, मनीऑर्डर आली तर त्यांच्याकडे. नुसती सुपारी फुटलेल्या मुलीला ना मंगळसूत्र ना पेन्शनचा हक्क. तो गेला असं कळलं तर तिला कपाळ पुसायचाही अधिकार नाही, आणि तो आहे असं कळलं तर उघड हसायचाही नाही. तिला जे कळायचं ते विहिरीवर, बाजारात, चुलत सासूकडून आलेल्या कुणाच्या बोलण्यात. ही तिची जागा तुम्ही नीट धरलीत तर प्रेमकथा फिल्मी व्हायची भीती अर्धी गेली.

आता रकाने भरून पाहा. २१ जून १९४२ ला टोब्रुक पडलं. अकराव्या इंडियन ब्रिगेडमधली मराठ्यांची दुसरी बटालियन तिथे सापडली आणि बहुतेक माणसं कैद झाली. पहिल्या रकान्यात हे दोन ओळींत संपतं. त्याच दिवशी खानापुरात काय चाललं होतं? मृग सरत आलेला, रानात चिखल, नट्टीची, म्हणजे भातलावणीची तयारी. घरातली सगळी पाण्यात उभी. दुसरा रकाना कोरा. तो 'बेपत्ता' आहे अशी खबर त्याच्या घरी पोचेपर्यंत रोपं रुजून वर आलेली असणार, आणि तो जिवंत असून इटलीत कैदेत आहे असं सांगणारं कार्ड त्याच्याही कितीतरी नंतरचं. घरात जुनी पत्रं असतील तर शिक्क्यांवरून या तारखा तुम्हाला नेमक्या मिळतील. नसतील तर तुम्हाला त्या ठरवाव्या लागतील, आणि ठरवताना उशिराच्या बाजूनं ठरवा.

मधल्या काळात इकडे काय घडतंय तेही बघा. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' सुरू झालं. आपल्या जिल्ह्यात ते फक्त शहरातल्या मोर्चांपुरतं राहिलं नाही. तारा तुटल्या, चावड्यांची दप्तरं जळाली, टपालावर हल्ले झाले. म्हणजे मुलाची खबर ज्या तारेनं, ज्या थैलीतून यायची, ती तार आणि ती थैली याच महिन्यांत धोक्यात होती. तिचा भाऊ चळवळीत आहे असं धरा. तो एका रात्री टपालाची थैली जाळतो. त्यात काय होतं ते त्याला माहीत नाही, आपल्यालाही माहीत नाही आणि कधीच कळणार नाही. भाऊ चुकीचा नाही, होणारा मेहुणाही चुकीचा नाही. एक ब्रिटिशांच्या फौजेत, दुसरा ब्रिटिशांविरुद्ध, आणि दोघांच्या मधे ही मुलगी भाकऱ्या थापतेय. असा प्रसंग तुमच्या घरात घडला असेल असं मी म्हणत नाही. पण तीन रकाने शेजारी ठेवल्याशिवाय तो सुचतच नाही, म्हणून सांगितलं. यात खर्च आहे तो एका शेकोटीचा.

पुढच्या तारखाही अशाच लावा. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं शरणागती जाहीर केली. कैद्यांच्या छावण्यांवरचे पहारे अनेक ठिकाणी ढिले पडले. काही जण डोंगरात पळाले, इटालियन शेतकऱ्यांनी त्यांना गोठ्यात-माळ्यावर लपवलं, आणि पुष्कळ जणांना जर्मनांनी गाडीत घालून उत्तरेला नेलं. तुमचे पणजोबा यातले कोण होते? हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि गोष्टीचा अख्खा दुसरा अर्धा भाग त्यावर टांगलेला आहे. आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी कैद्यांमधून जर्मनीत सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सेनेसाठी भरती होत होती, तेव्हा हाही प्रश्न त्यांच्यापुढे आला होता का ते घरी हळुवारपणे विचारा. नाही म्हणाले असतील तर का, हो म्हणाले असतील तर घरी ते कधी बोलले का.

एक सावधगिरी. तुम्ही निर्मात्यांकडे गेलात की कुणीतरी हमखास म्हणणार, त्या इटालियन शेतावर एक मुलगी टाका. पणजोबांनी तसं काही सांगितलं असेल तर टाका, आणि पूर्ण प्रामाणिकपणे टाका. सांगितलं नसेल तर नका टाकू. ती बिचारी केवळ नायिकेची वाट पाहणं ठसवायला आणलेली असते आणि त्यानं दोघींचाही मान जातो.

आता प्रेमाकडे येते. तुम्ही लिहिलंय की 'पणजी थांबली'. थांबणं पडद्यावर दिसत नाही. दारात उभी राहिलेली, खांबाला डोकं टेकलेली मुलगी तुम्ही चारदा दाखवलीत की प्रेक्षक मोबाईल काढतो. थांबणं म्हणजे दर वर्षी काहीतरी नाकारणं, आणि ते नाकारणं दाखवता येतं. १९४३ च्या शिमग्यानंतर कुठलं स्थळ आलं? ते घेऊन कोण आलं? बापानं किती वेळा 'बघू' म्हटलं आणि कोणत्या वर्षी त्याच्या आवाजातला 'बघू' बदलला? धाकट्या बहिणीचं लग्न हिच्यामुळे अडलं का? हे तुमच्या आत्या-आजींना विचारा. 'पणजीचं पणजोबांवर प्रेम होतं का' असं विचारलंत तर त्या लाजून विषय बदलतील. 'तिला बघायला कोण कोण आलं होतं' असं विचारा, तासभर बोलतील.

आणि पत्रं. इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण बहुतेक युद्धकाळातल्या प्रेमकथा इथेच घसरतात. पडद्यावर शिपाई खंदकात बसून 'प्रिये' असं लिहितो आणि ती झाडाखाली एकटी वाचते. आपल्या खेड्यात १९४१ साली हे होऊच शकत नव्हतं. पत्र बापाच्या नावानं यायचं. 'तीर्थरूप बाबांचे चरणी बालकाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष' अशी सुरुवात. वाचायचे शाळामास्तर किंवा पोस्टमन, सोप्यात म्हणजे घराच्या ओसरीवर बसून, मोठ्यानं, आणि ऐकायला अर्धी गल्ली. तिकडे लिहितानाही तो एकटा नव्हता. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं, आणि लिहिलेलं पत्र सेन्सॉरच्या नजरेखालून गेलेलं. ठिकाण लिहायचं नाही, पलटणीचा ठावठिकाणा सांगायचा नाही. ज्या मुलीशी अजून लग्न झालेलं नाही तिचं नाव तर घ्यायचंच नाही.

मग तिच्यापर्यंत काय पोचवायचं आणि कसं? 'खालच्या आळीतल्या मंडळींस नमस्कार सांगणे.' 'पाटलांच्या विहिरीला यंदा पाणी किती?' तिचं घर त्या विहिरीला लागून आहे एवढं फक्त दोघांना आणि प्रेक्षकाला माहीत. मास्तर ते वाक्य हवामानाची चौकशी म्हणून वाचून पुढे जातात. त्याची आई मात्र वर बघते. संध्याकाळी ती विहिरीवर जाऊन पोरीला एवढंच म्हणते, 'पाणी इचारलंय.' माझ्या मते तुमच्या चित्रपटातलं सगळ्यात धीट प्रेमाचं वाक्य हे असू शकतं. एवढ्या माणसांच्या कानांवरून, दोन परक्या नजरांखालून जे वाक्य पार होतं, त्याला वजन आपोआप येतं. ते कसं घडवायचं हे कळलं की युद्ध आणि प्रेम वेगळं राहत नाही. सेन्सॉर, अंतर, जहाजाचा उशीर, लग्नाआधीची मर्यादा हे सगळं त्या एका वाक्याच्या बनावटीत आलेलं असतं.

मनीऑर्डरचाही असाच उपयोग करा. फॉर्मच्या खालच्या कुपनवर दोन ओळी लिहायला जागा असायची. पैसे आईला आणि ओळी सगळ्यांदेखत. फॉर्म आणि पत्रं संगणकाच्या छापील अक्षरात करू नका. टाक-दौतीनं लिहून घ्या. बापाची पिढी मोडीत लिहिणारी असेल, मुलगा बाळबोध लिहील. फौजेत रंगरूटाला रोमन उर्दू शिकवत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेली हिंदुस्थानी. एका घरात दोन लिप्या आणि पलटणीत तिसरी, हे कॅमेऱ्याला नुसतं दिसलं तरी पुरे.

तर इथपर्यंतचं थोडक्यात: तीन रकाने भरा, थांबण्याऐवजी नाकारणं लिहा, आणि पत्र सोप्यात मोठ्यानं वाचलं जाऊ द्या. आता तुमचा पैशांचा प्रश्न.

टोब्रुक घेऊ नका. वाळवंट, रणगाडे आणि हजारो कैदी कमी पैशात करायला गेलात तर ते कमी पैशातलंच दिसतं आणि त्या माणसांवर अन्याय होतो. त्यांना इतरांनी पुष्कळ खर्च करून दाखवलंय, तुम्ही जे दाखवणार ते दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही. शिपायाच्या बाजूचे सीन बंदिस्त जागांचे ठेवा: रेल्वेचा डबा, जहाजाचा तळमजला, छावणीतली बराक. तीन जागा, बारा माणसं, चांगला आवाज. जूनमध्ये खाकी अर्ध्या चड्डीत पकडलेला माणूस इटलीच्या थंडीत कसा दिसतो, एवढं वेशभूषेनं सांगितलं की मधला प्रवास सांगितला. हे मी वेशभूषेतून आले म्हणून म्हणत नाही. कपडा झिजलेला दिसला की काळ गेलेला दिसतो, त्यासाठी तारखेची पाटी लागत नाही.

युद्ध पडद्यावर दाखवायचंच असेल तर ते पडद्यावरच्या पडद्यावर दाखवा. १९४३ पासून सरकारची 'इंडियन न्यूज परेड' नावाची युद्धवार्तापटं थिएटरांत सक्तीनं दाखवली जात. जत्रेत टूरिंग टॉकीज लागलीय, मुख्य चित्रपटाआधी असं वार्तापट सुरू होतं, हिंदी शिपायांची रांग कॅमेऱ्यासमोरून जाते. ती मुलगी पहिल्यांदाच सिनेमा बघतेय आणि एकेका चेहऱ्याकडे बघतेय. रांग संपते, नाचगाणं सुरू होतं, तंबूत टाळ्या. ती उठून बाहेर येते. तंबू, पांढरा कापड आणि तिचा चेहरा, इतकाच खर्च. जुनं खरं चित्रण वापरायचं असेल तर ते ज्या संग्रहालयाकडे आहे त्यांच्याकडून परवाना घ्यावा लागतो आणि पैसे भरावे लागतात, हे अंदाजपत्रकात आधीच धरा. नाहीतर तिचा चेहरा आणि त्यावर हलणारा उजेड पुरेसा आहे. मी तरी चेहराच निवडेन.

काळाच्या चुका मात्र तुम्हाला गाठतील, कारण आपले प्रेक्षक फौजेच्या घरांतले आहेत. माझ्या हातून झालेली एक सांगते. एका चित्रपटात आम्ही चाळीसच्या दशकातला स्टेशनवरचा निरोप घेतला, छान वाफ, छान उजेड. खेळ संपल्यावर एक निवृत्त रेल्वे कामगार मला बाजूला घेऊन म्हणाले, 'बाई, ह्यो डबा रुंद हाय. आपली गाडी लहान होती.' बरोबर होतं. तेव्हा लोंढा-बेळगाव-मिरज-पुणे ही सगळी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची मीटर गेज होती, दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. मुंबईला जायचं तर पुण्यात उतरून मोठ्या गाडीत चढायचं. त्या दिवसापासून मी ही चूक कुणाला करू दिलेली नाही. तुमचा शिपाई खानापुरात गाडीत बसणार असेल तर डबा पूर्ण दाखवूच नका. खिडकी, हात, वाफ, फलाटाची फरशी. आणि पुण्यातली गाडी बदलायची ती रात्र वाया घालवू नका. लहान गाडीतून उतरून मोठ्या गाडीत चढताना पोराला पहिल्यांदा कळतं की आपण लांब चाललोय.

आणखी काही, भरभर सांगते. सोळाशे फूट लांबून दिसलं तरी गाजर गवत कापून घ्या. ते आपल्याकडे पन्नाशीच्या दशकात आलं, १९४२ च्या बांधावर ते असू शकत नाही. भात उंच जातीचं हवं, वाऱ्यानं लोळणारं. लाल एसटी नको, एसटी सुरूच झाली १९४८ मध्ये. त्या काळात पेट्रोल मिळत नसल्यानं कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारी होत्या, मागे बंब बसवलेल्या. तशी एक जरी उभी केलीत तरी काळ उभा राहतो. फौजेत 'नायब सुभेदार' म्हणू नका, तेव्हा 'जमादार' होता. बायकांना इरकली लुगडं आणि गुळेदगुड्डच्या खणाची चोळी द्या, पण १९४३ नंतर नवं लुगडं सहज मिळत नव्हतं. कापडावर आणि सुतावर नियंत्रण आलं होतं, शहापूर-वडगावच्या मागांना सूत मिळायची मारामार. १९४६ मधल्या लग्नाचं लुगडं कुठून आलं हा एक स्वतंत्र प्रसंग आहे. सैन्याच्या आवारात किंवा किल्ल्यात शूटिंग करायचं मनात असेल तर परवानग्यांना महिने धरा. ते नाही जमलं तरी काही बिघडत नाही, कारण तुमची गोष्ट कॅम्पातली नाही, गावातली आहे.

आजचा सीमावाद त्या काळावर लादू नका, हेही मनापासून सांगते. आपल्या सगळ्यांच्या आत ती जखम आहे, मलाही आहे. पण १९४२ साली बेळगाव मुंबई इलाख्यात होतं आणि शहापूर सांगली संस्थानात. शहरातून शहापुरात गेलं की इंग्रजांची हद्द संपून संस्थानाची सुरू व्हायची. साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो बेळगावातच, पण मे १९४६ मध्ये. म्हणजे तुमचा नायक परत येतो तेव्हा ती चर्चा नुकती कानावर पडू लागलेली असेल. त्याआधी गावात मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात तशा नांदू द्या. पोस्टमन कन्नड बोलेल, दुकानदार वाक्याच्या मधे भाषा बदलेल, कुणी त्याकडे वळून बघणार नाही. तळटीप देऊन ते समजावत बसू नका.

भाषेचं एक शेवटचं आणि माझ्या फार जिव्हाळ्याचं. तुमची नायिका पुण्याची मराठी बोलता कामा नये. आपल्याकडच्या बायका घरात 'मी येतो, मी जातो, मी केलो' म्हणतात. मी इथे 'लिहिते' म्हणतेय, पण शहापुरातल्या माझ्या स्वयंपाकघरात मीही 'लिहितो'च म्हणतो. मागे एका निर्मात्यानं हे सगळं दुरुस्त करायला लावलं, बाहेरच्या प्रेक्षकांना चूक वाटेल म्हणून. मी दुरुस्त केलं, आणि चित्रपट आपल्या भागात लागला तेव्हा एका म्हातारीनं मला विचारलं, 'ही पोर कुठली गं?' त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तुम्ही ऐकू नका. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, ही आपली रीत. तो फलाटाकडे जाताना 'येतो' म्हणेल. ती रोज घागर घेऊन घराबाहेर पडताना आईला 'येतो' म्हणते. दोघांच्या तोंडी अगदी एकच शब्द, एकाच रूपात. प्रमाण मराठीत ही गोष्ट हातातून निसटते. हे कुणाला समजावून सांगू नका, फक्त नटांकडून नीट म्हणवून घ्या. नटी बाहेरची असेल तर तिला महिनाभर खानापुरात एखाद्या घरी ठेवा. तो खर्च कॅमेऱ्याच्या भाड्यातून कापा.

शेवट कसा करावा हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या लिहिण्यात फलाटावरच्या मिठीचा उल्लेख आहे म्हणून बोलते. १९४६ साली आपल्या गावात ती मिठी होत नाही. मग काय होतं? तो १९४१ ला गेला तेव्हा खिशात चांदीचा रुपया आणि अख्खा तांब्याचा पैसा होता. १९४३ मध्ये सरकारनं मधे भोक असलेला पैसा काढला, धातू वाचवायला. त्यानं तो कधी पाहिलेलाच नाही. स्टेशनवरून चालत गावाकडे येताना तो वाटेतल्या दुकानात काहीतरी घेतो आणि दुकानदार सुट्टे म्हणून भोकाचे पैसे हातावर ठेवतो. तो बोटात धरून त्या भोकातून बघत राहतो. पलीकडे विहीर दिसते की नाही हे तुम्ही ठरवा. त्याच्या मागे गेलेली पाच वर्षं त्या पैशात आहेत, आणि हा पैसा जुन्या नाण्यांच्या बाजारात आजही सहज मिळतो.

आता लगेच करायचं काम सांगते. पावसाळ्याआधी ज्या घरात पणजोबांची ट्रंक आहे तिथे जाऊन या. डिस्चार्ज बुक, पदकांच्या पेटीवरचं नाव, पत्रं, मनीऑर्डरची कुपनं, जे असेल त्याचे फोटो काढा, पत्रांच्या दोन्ही बाजूंचे, शिक्क्यांसकट. काहीच नसलं तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला बटालियन आणि नंबर देऊन पत्र लिहा. त्यांच्याबरोबर गेलेले आणि परत न आलेले गावातले इतर कुणी असतील तर राष्ट्रकुल युद्धस्मारकांच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या) नोंदीत त्यांची नावं सापडतात, तीही शोधा, कारण त्यांच्या घरी तिसऱ्या रकान्यात दुसरंच काहीतरी आलेलं असणार आणि तुमच्या नायिकेनं ते शेजारी बसून पाहिलेलं असणार. मग कागद आखा. जून १९४२ पासून पहिलं कार्ड येईपर्यंत तिच्या रकान्यात तुम्हाला एक लांब कोरी पट्टी दिसेल. पहिला सीन तिथला लिहा आणि मला पाठवा, मी वाचेन.